खुर्चीवाल्यांची डावी बाजू

हृदयाच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, कागद पाहिले, पडद्यावरचं लुबलुबणारं काळंपांढरं चित्र परत एकदा निरखलं आणि म्हणाले, "आ करा."

थोरलीच्या भुवया केसांत गेल्या.

"डॉक्टर, दुखणं छातीत आहे. तोंडात काय बघताय? बैल विकायला आणलाय का आम्ही?"

शेजारी उभ्या सुनेने मान खाली घातली. खुर्चीवाल्यांनी मात्र मुकाट्याने आ केला. बायकोने बोलायचं आणि आपण करायचं, ही त्या घरची जुनी वाटणी होती. माहेरी बहिणींत पहिली म्हणून ती थोरली. लग्नानंतर सासरच्या गल्लीनेही तेच नाव उचललं, कारण दुसरं कुठलं तिला पेललं नसतं. आणि तिचा नवरा जन्मभर लोकांच्या खुर्च्या-कोचांवर गादी नि कापड चढवत आला, म्हणून खुर्चीवाले. त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर यायचं.

"दुखणं छातीतच आहे, आजी," डॉक्टर म्हणाले. "पण वाट तोंडातून जाते. यांच्या हिरड्या सुजल्यात, त्यांतून रक्त येतंय. तिथूनच तोंडातले जंतू रक्तात शिरतात. मी हृदयात नवी झडप बसवायची आणि जंतूंनी तिच्यावर बिऱ्हाड थाटायचं, हे मला चालणार नाही. आधी दातांच्या डॉक्टरकडून तोंड नीट करून घ्या. तिकडची सही आली की मी ऑपरेशन करीन. तारीख धरून ठेवलीय."

"आणि तारीख हुकली तर?" सुनेने विचारलं.

डॉक्टरांनी आधी रुग्णाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पेनाकडे. "पुढची फार लांब आहे. यांची झडप तितके दिवस वाट बघेल, असं मी म्हणणार नाही."

थोरलीने कागद गोळा केले, आणि तिचा राग घरी पोचेपर्यंत पुरला.

खुर्चीवाल्यांची अवस्था कुणाला सांगायची गरज नव्हती. उताणं झोपलं की जीव गुदमरायचा, म्हणून भिंतीला उशांची चळत लावून ते बसूनच डुलकी काढायचे. पायांवर बोट दाबलं तर खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. मोरीपर्यंत जाऊन आले की दाराची चौकट धरून उभे. ज्या माणसाने तीन माणसांचा कोच एकट्याने उलटा केला होता, त्याला आता तांब्या जड झाला होता.

दातांची डॉक्टर निघाली बोटभर पोरगी. थोरलीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सुनेच्या कानात म्हणाली, "हिचे स्वतःचे दुधाचे पडलेत ना सगळे?"

पण पोरीचा हात हलका होता. तिने दोन किडकी मुळं काढली, दातांना चिकटलेलं वर्षानुवर्षांचं किटण खरवडून काढलं. ते इतकं निघालं, की थोरलीने भांड्यात डोकावून पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग पोरगी खालच्या डाव्या सुळ्यापाशी थांबली. त्या दाताच्या टोकाला एक खाच होती, कानशीने घासून पाडावी तशी.

"ही कशाने पडली?"

"खिळ्याने," थोरली म्हणाली. "यांच्या धंद्यात बारीक खिळे तोंडात धरतात. गालात मूठभर टाकायचे, जिभेने एकेक फिरवून पुढे आणायचा, या दातावर टेकवायचा, आणि लोहचुंबकाच्या हातोडीने ओठांतून थेट उचलायचा. एक हात कापड ताणायला मोकळा राहतो. ह्यांच्या उस्तादाने शिकवलंय. आता पोरगा ते पिना मारायचं मशीन वापरतो, फटाफट फटाफट, आवाजच जास्त."

"आता खिळे तोंडात घालायचे नाहीत," पोरगी खुर्चीवाल्यांना म्हणाली. "आणि हा दात हलतोय. त्याच्या बाजूची हिरडी सावरली तर राहील. नाही सावरली तर काढावा लागेल."

तासाभरात पहिल्यांदाच खुर्चीवाल्यांनी तोंड स्वतःहून उघडलं. "ठेवा."

एवढं एकच. पण असं म्हणाले, जसं कुणी घर ठेवा म्हणावं.

मग पोरीने ब्रश हातात घेऊन प्लास्टिकच्या जबड्यावर दाखवलं. ब्रश मऊ हवा. तो दाताच्या पोटावर नाही, हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे तिरका टेकवायचा, आणि जागच्या जागी हलवायचा, जणू बाळाचं डोकं चोळतोय. दातांच्या फटीतून धागा. रात्री जेवून झोपण्याआधी एकदा नक्की, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. गोड चहा दिवसभर घोट घोट घ्यायचा नाही. "आणि रक्त आलं म्हणून ती जागा सोडायची नाही. घाण साचते म्हणूनच रक्त येतं. हलक्या हाताने रोज साफ केलंत की आपोआप थांबेल."

सून डोळे न हलवता बघत होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर मुगाच्या दाण्याएवढे स्क्रू लावायचे, काडी अर्ध्या केसाने वाकवायची, आणि समोरचा माणूस चिडला तरी आवाज चढवायचा नाही. हे शेवटचं थोरलीला सगळ्यांत जास्त खुपायचं. भांडायला समोरच्याकडूनही थोडा आवाज लागतो.

घरी आल्यावर थोरलीने कामाची वाटणी जाहीर केली. "तू दुकानात जातेस. तोंडाचं मी बघीन."

"आई, डॉक्टरनी दाखवलं तसं..."

"मला दाखवायचं राहू दे. माझे दात बघ." तिने ओठ मागे ओढले. "एक पडलेला नाही. राखुंडी आणि बोट. ब्रश नावाची काठी मी तोंडात घातलेली नाही. दोरा तोडते, गाठ सोडते. तुझ्या त्या प्लास्टिकच्या जबड्याला जमेल?"

पहिल्याच सकाळी ब्रश लाल झाला. जखमेला कोण घासतं? खरचटलेल्या गुडघ्याला कुणी झाडू लावतं का? तिने ब्रश बाजूला ठेवला, राखुंडीत मीठ मिसळलं आणि नवऱ्याच्या हिरड्यांवर स्वतःच्या बोटाने खसाखसा चोळलं. जिथे फार रक्त होतं ती जागा सोडून दिली, विसावा मिळावा म्हणून. खुर्चीवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "झोंबतंय म्हणजे लागू पडतंय," थोरली म्हणाली.

चार दिवसांनी सून दुकानातून लवकर आली. मोरीत तिने काळं पाणी पाहिलं आणि सासूचं काळं बोट पाहिलं.

"आई, हे काय?"

"औषध."

"ही राख आहे. आत जखमा आहेत त्यांच्या. आणि जी जागा सोडलीत तिथेच सगळं साचलंय, बघा." तिने सासऱ्यांचा ओठ अलगद खाली केला. दातांच्या मुळाशी पिवळट साय धरली होती आणि तिच्याखाली हिरडी वांग्यासारखी जांभळी झाली होती.

"माझ्या आईने अख्ख्या घराचे दात असेच राखले."

"त्यांच्यातल्या कुणाला झडप बसवायची होती?"

आवाज चढला नव्हता. म्हणूनच तो लागला. थोरलीने बोट धुतलं, राखुंडीचा डबा सुनेच्या हातात आपटला आणि म्हणाली, "घे. कर तू. बघू तुझी विद्या. काही कमीजास्त झालं तर मात्र मला सांगायला येऊ नकोस."

असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांशी बोलत बसली.

त्या दिवसापासून तोंड सुनेकडे गेलं. सकाळी दुकानात जायच्या आधी आणि रात्री जेवण झाल्यावर ती सासऱ्यांना खिडकीपाशी खुर्चीवर बसवायची आणि आरसा त्यांच्या हातात द्यायची. "बाबा, तिरका. हां. घाई नाही. आता आतली बाजू." थोरली दारातून बघायची, बघत नाही असं दाखवत. रक्त यायचं, सून घाबरायची नाही. तिसऱ्याचौथ्या दिवशी थुंकीतला लाल रंग फिका झाला. उजव्या बाजूची हिरडी गुलाबी दिसायला लागली. थोरलीने ते पाहिलं आणि काही बोलली नाही. तिच्या हिशेबी हेच कौतुक होतं.

आणि एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. एका दुपारी घरात कुणी नसताना तिने नव्या ब्रशांच्या पाकिटातला एक काढला आणि मोरीचं दार लावून स्वतःचे दात घासले. तिरका धरून, जागच्या जागी. थुंकली तर गुलाबी. एकही न पडलेल्या दातांची मालकीण बराच वेळ त्या गुलाबी पाण्याकडे बघत उभी राहिली. संध्याकाळी तिने सुनेला नुसतंच विचारलं, "तो फटीतला धागा कुठे मिळतो?" सुनेने कशाला म्हणून विचारलं नाही. तिने पर्समधून एक डबी काढून ओट्यावर ठेवली.

दातांच्या पोरीने मधल्या तपासणीला बोलावलं होतं. तिने आरसा आत घातला, उजवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान." मग डावीकडे वळली आणि आरसा तिथेच थांबला.

"इथे ओरखडे आहेत. ताजे. काय घालताय तोंडात?"

"काही नाही," खुर्चीवाले म्हणाले.

"टूथपिक? काडी?"

मान हलली. नाही.

पोरीने हातमोजे काढले. "सोमवारी मला शेवटचं बघायचंय. डावी बाजू अशीच राहिली तर मी सही करू शकणार नाही. मला सही द्यायला हात जड नाही, पण हे घेऊन ऑपरेशनच्या टेबलावर गेले तर मी त्यांना मारल्यासारखंच होईल. आज गुरुवार. हातात थोडेच दिवस आहेत."

घरात शिरताच सून थांबली. तिने सासूकडे पाहिलं, मग तिच्या उजव्या हाताच्या बोटाकडे.

"माझ्याकडे काय बघतेस?" थोरलीचा तिळपापड झाला. "मी हात लावलेला नाही! राखुंडीचा डबा तुझ्याकडे आहे."

"मी काही म्हणाले का?"

"म्हण की! तोंडाने म्हण! डोळ्यांनी काय फाशी देतेस?"

"मग ओरखडे आले कुठून, आई? मी दुकानात असते. घरात तुम्ही असता."

आयुष्यात थोरलीवर खऱ्या कारणांनी पुष्कळ आळ आले होते आणि ते तिने बोलून उडवून लावले होते. हा पहिलाच खोटा, आणि नेमका त्याच्यावर शब्द सुचेना. सून दुकानात निघून गेली. मुलगा एका हॉटेलात खुर्च्या पोचवायला गेला होता. थोरली भाजी निवडायला बसली, पण हात चालेना. डोक्यात एकच: सोमवार. सोमवारी सही नाही, सही नाही तर टेबल नाही, टेबल नाही तर... पुढचा शब्द ती मनातसुद्धा धरत नव्हती.

घर शांत होतं. फार शांत. उशांच्या चळतीपाशी कुणी नव्हतं.

कारखाना म्हणजे घराची मागची खोली. मधे एकच दार. खुर्चीवाले रोज दुपारी तिथे जाऊन बसायचे. काम करत नाहीत, नुसता वास घेतात, असं मुलगा म्हणायचा. काथ्या, सरस, नवं कापड, लाकडाचा भुसा. थोरलीने दार ढकललं. बिजागरीला तेल होतं, आवाज आला नाही.

ते पाठमोरे नव्हते. उघड्या सांगाड्याच्या खुर्चीसमोर, बुटक्या बैठकीवर, अर्धे दाराकडे वळून बसले होते. हातोडी मांडीवर. हात रिकामे. आणि डावा गाल फुगलेला.

बघता बघता गालाच्या आत काहीतरी सरकलं. जीभ फिरली. ओठांच्या फटीत खिळ्याचं निळसर डोकं चमकलं, खाचेवर टेकलं, क्षणभर थांबलं आणि परत आत गेलं. मग दुसरं. कुठेच ठोकायचं नव्हतं. नुसते फिरवत होते, माणूस हातात जपमाळ फिरवतो तसे.

थोरलीच्या छातीतून आवाज उसळला. गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा तिचा नेहमीचा आवाज. तो घशापर्यंत आला, आणि तिथे तिने त्याची मान धरली.

कारण हा माणूस दचकला की आधी श्वास आत ओढतो. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तिला ठाऊक होतं. भांडं पडलं तरी हां करून श्वास आत. आता तोंडात मूठभर खिळे, आणि तो श्वास आधीच उसना. एक हाक, आणि खिळा थेट श्वासनळीत.

तिने ओठ दाबले. दातांवर दात रोवून उभी राहिली. जन्मात कुणासाठी जीभ आवरली नव्हती, आता ती तोंडात जित्या मासोळीसारखी उसळत होती.

ती त्यांच्या नजरेच्या कडेने, सावकाश, समोर आली. सांगाड्याच्या पलीकडे जमिनीवर बसली. गुडघे कुरकुरले. खुर्चीवाल्यांनी डोळे उचलले. दचकले नाहीत, पण डोळ्यांत चोरी पकडल्याचं सगळं येऊन बसलं.

थोरलीने उजवा तळवा पुढे केला आणि त्यांच्या हनुवटीखाली धरला.

पहिला खिळा पडला. ओला, कोमट. मग दुसरा. तिसरा आला तसा त्यांच्या छातीत खरखर सुरू झाली. खोकला. खुर्चीवाल्यांच्या डोळ्यांत भीती उतरली. त्यांनी नाकाने श्वास धरला, मान ताठ झाली, कपाळावरची शीर वर आली. थोरलीने डावा हात त्यांच्या मानेमागे नेला आणि डोकं पुढे, खाली, जमिनीकडे वाकवलं. खोकला फुटला. खिळे फरशीवर उडाले, टिणटिण करत सांगाड्याखाली गेले. दुसरी उबळ आली. तिसरी. थोरली मान दाबून होती, स्वतःचा श्वास विसरून.

मग ते शांत झाले. लाळेची तार हनुवटीवरून लोंबत होती, तिच्यात लाल धागा.

"सगळे आले?" ती कुजबुजली. तिची कुजबुज खुर्चीवाल्यांनी पहिल्यांदाच ऐकली असेल.

त्यांनी जिभेने आत चाचपलं. चेहरा बदलला. बोटाने डावा गाल दाखवला, मग खाली, हिरडी आणि गालाच्या मधली खोबण. एक रुतला होता. बोलायला गेले की टोचत होता, आणि हलला तर घशाकडे सरकायचं भय.

थोरलीने बोट पुढे केलं. तेच बोट. तिने ते मागे घेतलं.

"तोंड खालीच ठेवा. बोलू नका. गिळू नका. अजिबात गिळू नका."

फोन दारामागे खुंटीवरच्या पिशवीत होता. सुनेचा नंबर लावताना तिच्या बोटांनी दोनदा भलतंच दाबलं. "अगं," ती म्हणाली, आणि ज्या पोरीशी तासाभरापूर्वी भांडली होती तिला काय म्हणून हाक मारावी ते तिला कळेना. "अगं बाळ. ये. तो तुझा बारीक चिमटा घेऊन ये. यांच्या तोंडात खिळा अडकलाय. मी हात लावत नाही, माझा हात हलतोय."

दुकान दोन गल्ल्या पलीकडे. तेवढ्या वेळात खुर्चीवाल्यांची लाळ फरशीवर ठिपकत राहिली आणि थोरली त्यांचं कपाळ तळहातावर तोलून बसून राहिली. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. तिने मनात त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या.

सून धावत आली, पण दारात थांबून तिने आधी श्वास सरळ केला. हात धुतले. चिमटा गरम पाण्याने धुतला. फोनचा दिवा सासूच्या हातात दिला. "इथे धरा, आई. हलू देऊ नका." दिव्याला दोन हात लागले, पण हलला नाही.

"बाबा, आ. थोडं अजून. माझ्याकडे बघू नका, भिंतीकडे बघा."

चिमटा आत गेला. एक क्षण. दोन. खुर्चीवाल्यांच्या पायाची बोटं जमिनीत रुतली. मग सुनेने हात बाहेर काढला. टोकाला खिळा होता.

थोरलीने दिवा खाली ठेवला आणि आता तिला बोलायची मोकळीक होती. सून वाट बघत होती. खुर्चीवालेही खांदे आवळून बसले होते, गारा पडण्याआधी माणूस आवळतो तसे.

"का?" थोरलीने विचारलं. एवढंच.

ते बराच वेळ चूळ भरत राहिले. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "तोंडात खिळे असले की कुणी काही विचारत नाही. धंद्यात असंच. कारागिराच्या तोंडात खिळे आहेत, थांबा, मग बोलू. तोंड रिकामं असलं की सगळे विचारतात. बरं वाटतंय का, भीती वाटतेय का." ते थांबले, श्वास घेतला. "आणि मी तोंड उघडेपर्यंत उत्तर तूच देतेस. यांना कसली भीती, म्हणतेस. सगळ्यांना सांगत असतेस."

"मग? वाटते का?"

"फार वाटते गं."

सून उठून हळूच बाहेर गेली.

थोरलीच्या जिभेवर पन्नास वाक्यं होती. वेडे आहात, काही होत नाही, डॉक्टर कशाला आहेत, गल्लीत अमक्याचं झालं तमक्याचं झालं. तिने एकही बाहेर सोडलं नाही. ओलसर फरशीवर तशीच बसून राहिली. आणि खुर्चीवाले बोलले. भुलीतून जाग न आली तर. छाती करवतीने कापतात तर सांगाडा परत नीट बसतो का. त्यांनी इतके जोडलेत, त्यांना माहीत आहे, एकदा उघडलेला सांधा पहिल्यासारखा बसत नाही. आणि तो दात गेला तर हातोडीचा काय उपयोग, पोराच्या मशीनकडे बघत बसायचं का. संध्याकाळ होईपर्यंत बोलले, मधे मधे दम खात. तिने मधे बोलायला तोंड उघडलं की ते थांबायचे, आणि ती परत मिटायची.

नंतरचे दिवस ती दुपारी कारखान्यात बसली. खिळ्यांचे सगळे डबे मुलाने माळ्यावर टाकले. सकाळी आणि रात्री मोरीत तिघं ओळीने उभी राहायची, सून, सासरा, सासू, आणि थोरली ब्रश तोंडात ठेवूनही डोळ्यांनी नवऱ्याचा कोन दुरुस्त करायची. थुंकीतला लाल रंग शुक्रवारी होता. शनिवारी फिका. रविवारी रात्री थोरलीने भांडं दिव्याखाली नेऊन पाहिलं, मग सुनेला दाखवलं.

"सांग. तुझे डोळे तरुण आहेत."

"एका जागी आहे अजून," सून म्हणाली. "सुळ्यापाशी."

सोमवारी दातांच्या पोरीने बारीक सळई हिरडी आणि दाताच्या मधे उतरवली. मदतनीस बाई आकडे लिहून घेत होती. उजवी बाजू झाली. वरची झाली. पोरगी डावीकडे आली. थोरली पिशवीचा पट्टा पिळत उभी होती. सळई एकेक दात पुढे सरकत होती, आणि सुळ्यापाशी ती आत गेली, जरा जास्तच आत. बाहेर आली तेव्हा तिच्यामागे रक्ताचा थेंब होता.

"बाकी सगळं सावरलंय," पोरगी म्हणाली. "ओरखडे भरलेत. फक्त हा एक. याच्या मुळाशी हाडच उरलेलं नाही, तो आता घाण साठवायची जागा झालाय. आज काढला तर ऑपरेशनपर्यंत जखम भरेल आणि मी सही करते. ठेवायचा म्हणत असाल, तर तारीख सोडावी लागेल."

सगळ्यांच्या नजरा थोरलीकडे गेल्या. सवयच तशी. पोरीचीही, या थोड्या दिवसांत तिलाही लागली होती.

उत्तर थोरलीच्या ओठांवर तयार होतं. काढा म्हणायचं होतं. ओरडून म्हणायचं होतं, तो सडका दात माझ्या कपाळावर मारा पण हा माणूस वाचवा. तिने सुनेचा दंड धरला, इतका घट्ट की सुनेने चेहरा वाकडा केला. आणि थोरली म्हणाली, "मला काय विचारता? तोंड त्यांचं आहे."

खुर्चीवाल्यांची जीभ गालाच्या आत त्या खाचेवर फिरताना बाहेरून दिसत होती. एकदा. परत एकदा. दिव्याच्या उजेडात त्यांनी डोळे मिटून घेतले. मदतनीस बाईने पेन खाली ठेवलं. थोरलीला वाटलं, आता बोलले नाहीत तर आपणच बोलू, बोलूच, काय वाटेल ते होवो.

"काढा," ते म्हणाले.

दात लगेच आला. नुसता अडकून बसला होता. पोरीने तो घरी न्यायचा का म्हणून विचारलं, खुर्चीवाल्यांनी नको म्हणून हात हलवला. खड्ड्यावर कापसाची घडी आली, तासभर दाबून धरा, बोलायचं नाही. मग पोरगी टेबलापाशी बसली आणि तिने सही केली. थोरलीने ती शाई वाळेपर्यंत नजर हलवली नाही.

बाहेर ओट्यावर बसून सुनेने इस्पितळात फोन लावला. "हो, सही मिळाली. हो. काय? बरं." तिने फोनवर हात ठेवला. "विचारतायत, पेशंटची तयारी आहे का. तसं नोंदवायचंय त्यांना."

थोरलीने चपलेतला पाय हलवला आणि रस्त्याकडे बघत राहिली.

खुर्चीवाल्यांनी सुनेकडे पाहिलं. डोळे भिजले होते, नाक लाल होतं, काहीच झाकलेलं नव्हतं. त्यांनी मान खाली-वर केली, एकदा, स्पष्ट.

"हो म्हणतायत," सून फोनवर म्हणाली. "पुढच्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी घेऊन येतो."

थोरली उठली, रस्त्यात उतरली आणि पहिल्या रिकाम्या गाडीला आडवी गेली. चालकाने करकचून ब्रेक दाबला.

"डोळे आहेत की बटणं?" ती म्हणाली. "सावकाश न्यायचं. खड्डा दिसला की वळसा. आणि हॉर्न वाजवलास तर बघ, आत माणूस बसतोय, कोच नाही."

मग तिने दार उघडून धरलं, आणि नवरा पायरीपर्यंत त्याच्या चालीने येईस्तोवर चालकाला इंजिन बंद करायला लावलं.